मुनियम्माचा उजवा पाय

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अवरेकाळू दाबले. इथल्या ओल्या पावट्याचे दाणे रात्री पाण्यात घालायचे आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत दाबायचा. आतला दाणा निसटून पुढं पडतो, साल बोटांत राहते. थंडीच्या दिवसांत बेंगळुरात घरोघरी हेच चाललेलं असतं. हंगाम संपत आला होता, म्हणून मालननं जरा जास्तच भिजत घातले होते. मालन म्हणजे माझी बायको. परात मध्ये ठेवून आम्ही दोन बाजूंना बसलो. माझे दाणे परात सोडून फरशीवर जात होते.

"जन्मभर चपला केल्यात, पण नेम काही आला नाही तुम्हाला," ती म्हणाली.

"चपलेला नेम कशाला लागतो?"

"करायला नाही लागत. फेकायला लागतो."

सार करायचं ठरलं, पण नारळ नव्हता. मी सालं खालच्या गाईला घातली, कोपऱ्यावरून नारळ घेतला आणि वर आलो, तर ती भिंतीला टेकून बसली होती. "स्वल्प बसते," म्हणाली. कानडीतलं स्वल्प तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की थोडं हा शब्द तिनं टाकूनच दिला होता. रिक्षा लगेच मिळाली. दवाखान्यात पोचेपर्यंत मात्र काही राहिलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांवर बॅटरी मारली आणि मला बाहेर बसायला सांगितलं. मी दवाखान्यातच नोकरी केलेला माणूस आहे. बाहेर बसा म्हणजे काय, ते मला कळतं.

ही यंदाची गोष्ट. आता इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा, असं रेवतीबाईंनी सांगितलं. त्या कोण, ते पुढं येईल. मी सीमेवरच्या गावात मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलो, पुढं बापानं हातात कातडं कापायची रापी दिली. त्यामुळं नोकरीची सगळी हकिकत सांगायचा माझा वकूब नाही आणि ती वाचायला कुणाला वेळही नाही. मी एका पायाबद्दल लिहितो. मुनियम्माचा उजवा पाय. तो टिकवण्यात माझी आणि मालनची बरीच वर्षं गेली, आणि मालन गेली त्याच दिवशी तो पाय हातचा जायची वेळ आली.

मी सरकारी दवाखान्यात चांभार होतो. कागदावर हुद्दा लांबलचक आहे, काम मात्र हेच. दवाखान्यात चांभार कशाला, असं प्रत्येकजण विचारतो. कुष्ठरोग्यांच्या चपला करायला. कुष्ठरोग म्हटलं की लोक पान उलटतात. उलटलंत तरी माझं काही जात नाही, पण आज त्या रोगाला गोळ्या आहेत, गोळ्यांनी तो बरा होतो आणि बरा झालेला माणूस कुणाला तो देत नाही, एवढं वाचून मग उलटा.

रोग जातो, पण ज्या नसा मेल्या त्या मेल्या. पायाला काही लागलेलं कळत नाही. ऐकायला हे बरं वाटतं. तुमच्या चपलेत खडा गेला तर तुम्ही लगेच थांबता, चपला झटकता. तो खडा यांच्या चपलेत गेला तर ते दिवसभर त्याच्यावर चालतात आणि घरी फरशीवर लाल ठसे उमटले की मग शोधत बसतात, रक्त कुणाचं. तापल्या पत्र्यावर पाय ठेवला तर वास येतो तेव्हा समजतं. पायातली चप्पल रस्त्यात सुटून मागं राहिली तरी पत्ता लागत नाही. तळव्याला अशी जखम झाली की ती दुखत नाही, म्हणून माणूस चालतच राहतो, आणि चालत राहिला की ती खोल जाते. हाडापर्यंत गेली की बोट कापायचं, मग पंजा, मग आणखी वर.

म्हणून यांची चप्पल वेगळी. वर मऊ रबर, अंगठ्यानं दाबलं की दबणारं आणि सोडलं की परत वर येणारं. खाली कडक रबर, काटा आत येऊ नये म्हणून. टाचेमागं पट्टा. आणि खिळा एकही नाही, सगळं डिंकावर आणि शिलाईवर. खिळा वर आला तर यांना कोण सांगणार. खिळ्याशिवाय चप्पल करणं मला जड गेलं नाही. आमच्याकडं कापशी आणि कोल्हापुरी चपला बांधायचे त्यात खिळा नव्हताच. गावाकडं बाप्ये तळ करायचे आणि बायका वरची वेणी घालायच्या, कातड्याच्या बारीक पट्ट्यांची. मालनच्या वेणीला बाजारात नाव होतं. माझ्या तळाला नव्हतं. हे ती मला अधूनमधून सांगायची.

कामावर मला चहा वेगळ्या कपात मिळायचा. माझ्या जातीमुळं की माझ्या पेशंटांमुळं, हे मी कधी विचारलं नाही.

आमच्या खोलीत चपला फुकट मिळायच्या. गोळ्या फुकट, तपासणी फुकट. आमच्या डॉक्टरबाई दर वेळी विचारायच्या, चप्पल रोज घालता का. सगळे म्हणायचे, रोज. मी चप्पल उलटी करून बघायचो, तर तळ नव्यासारखा कोरा. झिजेचं नाव नाही. एक दिवस सकाळी मी मागच्या बेकरीच्या बाजूनं आलो तेव्हा उलगडा झाला. दवाखान्याच्या भिंतीला टेकून माणसं चपला बदलत होती. पिशवीतून आमची काढायची, पायातली साधी पिशवीत घालायची, आणि मग आत यायचं. जाताना उलटं. आमच्या चपला सगळ्या काळ्या, जाड, एकसारख्या. गल्लीत कुणाच्याही पायात दिसल्या की लोकांना समजायचं, ह्याला तो रोग आहे. पोलिसाला खाकी, तशी ह्यांना काळी.

त्यात एक हिजडा होती, सिग्नलवर मागून खाणारी, तोंडानं फटकळ. तिनं चप्पल माझ्या टेबलावर आपटली.

"अण्णा, हे घालून मी सिग्नलला उभी राहू? गाडीवाले काच खाली करायच्या ऐवजी वर करतात."

"पाय पाहिजे का नको तुला?"

"पाय पाहिजे. पोटही पाहिजे. सोनेरी पट्टा लाव, मग घालते."

मी घरी येऊन हे हसत सांगितलं. मालन हसली नाही. तिनं पेटीतून सोनेरी जर काढली, कधीची होती कोण जाणे, आणि पट्ट्यावर वेणी घालून दिली. ती चप्पल पुढच्या वेळी आली तेव्हा तळ चांगला झिजलेला होता. तेव्हापासून असं ठरलं की तळ डॉक्टरबाई सांगतील तसा, आणि वरचं मालन ठरवेल. तपकिरी कातडं, वेणी, कधी फुली. लांबून बघणाऱ्याला बाजारातलीच वाटावी. मला चेव आला आणि एकदा मी कोल्हापुरीसारखा अंगठाही लावला. डॉक्टरबाईंनी कात्री घेतली आणि माझ्यासमोर तो कापून टाकला. बधिर अंगठ्याला तो घासतो आणि जखम होते. मी दोन दिवस तोंड फुगवून होतो. बाईंचं बरोबर होतं.

मुनियम्मा या चपलांच्या दिवसांत आली. नाव बदललंय, तिला विचारून लिहितोय. नवरा नाही, मूल नाही, इंदिरानगरच्या मागच्या बाजूला एका खोलीत राहते आणि घरकाम करते. आली तेव्हाच उजव्या पायाची दोन बोटं गेलेली होती आणि चवड्याखाली जखम होती. डॉक्टरबाईंनी तिला सरळ सांगितलं, ही भरली पाहिजे आणि परत होता कामा नये. पुढच्या वेळी हाडाला लागली तर पाय कापावा लागेल.

"पाय गेला तर काम गेलं," मुनियम्मा म्हणाली. रडली वगैरे नाही. "कुबड्या घेतलेल्या बाईला भांडी कोण देतं?"

तिच्या पायात आमची चप्पल घातली. जखम भरली. काही महिन्यांनी परत उघडली. परत भरली, परत उघडली. डॉक्टरबाईंना वाटलं, ही पण भिंतीआड चपला बदलते. पण मी तळ बघितला तर तो पार झिजलेला, दोन्ही बाजूंनी सारखा. म्हणजे बाई इमानदारीनं घालत होती. मग मला वाटलं रबर खराब. रबराचा नवा पत्रा मागवला, नवी चप्पल केली. तरी तेच.

मालन तेव्हा आठवड्यातून एकदा डबा घेऊन दवाखान्यात यायची आणि माझ्याबरोबर जेवायची. मुनियम्मा बाकावर बसली होती. दोघींची बोलणी चालली होती, भाजी, पाणी, भाडं. मध्येच मालननं विचारलं, "घरात शिरताना चप्पल कुठं काढतेस?"

"दारात. अजून कुठं काढणार, अक्का?"

"मग दिवसभर आत?"

"आत म्हणजे अनवाणीच की."

आम्ही सगळे रस्त्यावरच्या काट्याकुट्यांचा विचार करत होतो. बाई रस्त्यावर असते किती? सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास. बाकी सगळा दिवस लोकांच्या घरात, ओल्या फरशीवर, गॅलरीतल्या तापलेल्या लादीवर, फुटलेल्या काचेच्या तुकड्यांवर. आणि घरात चप्पल घालायची नाही, हे कुणी तिला सांगितलेलं नव्हतं, ते सांगावं लागतच नाही. डॉक्टरबाईही घरी गेल्यावर चपला दारातच काढत असणार. मीही काढतो. चपला करणारा असून हे माझ्या डोक्यात आलं नाही, त्याचं कारण एवढंच.

घरात घालायची चप्पल करणं काही अवघड नव्हतं. मालननं तेच मऊ रबर घेतलं, वर फुलाफुलांचं कापड लावलं, श्रीमंत बायका घरात घालतात तसलं. अडचण ती घालायला परवानगी मिळवायची होती. मुनियम्मा मालकिणीला खरं सांगू शकत नव्हती. मागं एका घरी सांगितलं होतं, तर त्यांनी तिनं धुतलेली भांडी परत धुतली आणि दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणाले.

"मी येते तुझ्याबरोबर," मालन म्हणाली.

मी पण गेलो. लिफ्टनं वर गेलो. दार उघडलं ते एका तरुण बाईनं, कानाला फोन, हातात लॅपटॉप. याच रेवतीबाई. पुण्याहून नवरा-बायको नोकरीसाठी इथं आले होते. मालननं आपल्या कानडीत सुरुवात केली. बाईंना कानडी येईना, त्यांचं हिंदी मालनला झेपेना. शेवटी मालन वैतागून माझ्याकडं वळून म्हणाली, "हिला आता कसं सांगायचं?"

"अहो, तुम्ही मराठी?" बाईंनी फोनच बंद केला. "या ना आत. चहा घ्या. मी इथं आल्यापासून मराठी बोलणारी मावशी शोधतेय."

"मावशी कामाला मिळायची नाही," मालन म्हणाली. "हिच्यासाठी आलेय." आणि तिनं ते चपलांचं सांगितलं. टाच दुखते, डॉक्टरांनी घरातही चप्पल घालायला सांगितलीय.

बाईंनी चपला हातात घेऊन बघितल्या. "कसल्या गोड आहेत. पण मावशी, किचनमध्ये चप्पल म्हणजे... मला काही नाही, पण माझ्या सासूबाई येतात ना अधूनमधून."

"ही चप्पल नाही. हिला बाहेरची माती कधी लागणार नाही. तुमच्याच घरात कोपऱ्यात राहील. तुमच्या पायपुसण्याहून स्वच्छ असेल."

"आणि देवघर?"

"देवघर तुम्ही पुसा," मालन म्हणाली. "तेवढं पुण्य तुम्हालाच लागू दे."

बाई हसल्या आणि सरी, म्हणजे बरं, म्हणाल्या. तेवढं एक कानडी त्यांना येत होतं.

दुसऱ्या घरी म्हातारी आजी होती, कानडी ब्राह्मण, सोवळ्याओवळ्याची. तिनं चप्पल हातातही घेतली नाही. मालन तिच्याशी वाद घालत बसली नाही. घरी आली आणि जाड मोजे घेतले, त्यांच्या तळाला आतून मऊ रबर बसवलं, वरून कापड लावून बारीक टाके घातले. मोजा म्हणजे काही चप्पल नाही. आजीनं तो चालवून घेतला. थंडी वाजते का ग तुला, असंही विचारलं म्हणे. मोजा ओला झाला की बदलायला मालननं तीन-चार जोड करून दिले.

जखम भरली आणि भरलेलीच राहिली. वर्षं गेली. दर रविवारी मुनियम्मा बसनं येलहंक्याला आमच्या घरी यायची, पाय पाण्यात बुडवून बसायची. मग मालन दगडानं कडक कातडं घासायची, तेल लावायची आणि उजेडात धरून बोटांच्या मधून बघायची. दोघी बोलत बसायच्या. मला त्यातलं निम्मं माझ्याबद्दलच असायचं असा संशय आहे.

रेवतीबाईंना पुढं कळलं. त्यांनी मुनियम्माची गेलेली बोटं बघितली होती, बाई काही आंधळ्या नव्हत्या. एकदा मालन घरातल्या चपलांचा नवा जोड द्यायला गेली असताना त्यांनी विचारलं, "मावशी, खरं सांगा. टाच दुखते का हिची?"

मालननं सांगून टाकलं.

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतं?"

बाईंनी तो जोड उलटा करून तळ बघितला. मग म्हणाल्या, "माहीत नाही." मुनियम्मा आजही त्यांच्याकडं कामाला आहे. हे छापू का म्हणून मी विचारलं तेव्हा मुनियम्मा म्हणाली, छापा अण्णा, माझ्या बाकीच्या मालकिणींना मराठी वाचता येत नाही.

मी रिटायर झालो तेव्हा माझ्या जागेवर कुणी आलं नाही. आता चपला तयार येतात, खोक्यातून, नंबरावर. वाईट नसतात. पण बोटं गेलेला पाय नंबरात येत नाही. आठ संपले की नऊ देतात, नऊमध्ये पाय पुढंमागं घासतो, घासला की जखम. मी दोनदा जाऊन सांगितलं. तिथले साहेब भले होते, ऐकून घेतलं, चहा पाजला, म्हणाले वर लिहितो. लिहिलंही असेल. तोवर जुने पेशंट माझ्या घरी यायचे, डॉक्टरबाई रबर पाठवायच्या आणि आम्ही दोघं पुढच्या खोलीत बसून करायचो. याची मला खंत आहे, ती अशी की हे काम आमच्या पुढच्या खोलीत चालायला नको होतं. आम्ही म्हातारे. आम्ही किती पुरणार?

आता त्या दिवसाचं सांगतो.

आमच्यात दिवस मावळायच्या आत माती देतात. मुलगी लता पीण्याला, कारखान्यांच्या भागात राहते, जावई तिथं लेथवर आहे. ती दोघं आली, गल्लीतले लोक जमले. कुणीतरी मुनियम्माला फोन केला असणार. ती कामावरून थेट आली. दारात चपलांचा ढीग पडला होता, त्यात तिनं आपली काढली आणि आत येऊन मालनच्या पायाशी बसली. भर दुपारी बाहेर काढलं. गावाकडं बायका वेशीपर्यंत जातात, इथं सगळ्या शेवटपर्यंत येतात. मयताच्या मागं चपला कुणी घालत नाही. मीही घातल्या नाहीत. स्मशानाकडचा रस्ता पाइप टाकायला उकरलेला होता आणि त्याच्यावर खडी पसरली होती. पाय भाजत होते, खडी टोचत होती, लोक कडेकडेनं, जिथं जरा माती होती तिथून चालत होते. मुनियम्मा मधून चालत होती. मी तिला बघितलं. बघितलं, पण माझ्या डोक्यात त्या वेळी काही शिरत नव्हतं.

माती दिली. बायका परस्पर पांगल्या. मी घरी आलो, दिवा लावलेला होता तिथं बसलो. लतानं काहीतरी खायला दिलं ते खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लता दार झाडत होती. "आप्पा, ही कुणाची चप्पल राहिली?" तिनं विचारलं.

मी बाहेर गेलो. तपकिरी पट्टा, मालनची वेणी, तळ उजवीकडं दोन बोटांच्या जागी उंच केलेला. मुनियम्माची. म्हणजे बाई स्मशानातून सरळ बसस्टॉपवर गेली, बसमध्ये चढली, उतरली, घरी गेली, आणि पायात काही नाही हे तिला कळलंच नाही.

मी चपला पिशवीत घातल्या आणि सदरा चढवला.

"आप्पा, सुतक आहे," लता म्हणाली. "तिसरा झाल्याशिवाय कुठं जायचं नाही. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. तू पाणी भरून ठेव, आल्यावर आंघोळ करीन."

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मुनियम्मा डबा भरत होती, कामावर निघायच्या बेतात. उजव्या पायात त्या आजीकडं घालायचा मोजा होता. मला दारात बघून घाबरली.

"अण्णा, तुम्ही सुतकात कशाला आलात?"

मी चपला खाली ठेवल्या. तिनं चपलांकडं बघितलं, मग आपल्या पायांकडं.

"मी तर घालूनच आले," ती म्हणाली.

"बस खाली. पाय दे."

"नको अण्णा. अक्का गेल्याला एक दिवस नाही झाला आणि तुम्ही माझ्या पायाला..."

"जन्मभर लोकांचे पाय धरलेत मी. दे."

मोजा काढला. तो आतून चिकटला होता. चवड्याखाली, जुन्या जखमेच्याच जागी, कातडं फाटून खडीचा कपचा रुतून बसला होता आणि त्याच्यावर ती आदल्या दिवशी दुपारपासून चालत होती. बाजूला भाजल्याचे फोड. मी पाणी ओतलं, कपचा काढायला हात लावला नाही, तो माझा धंदा नाही. स्वच्छ फडकं बांधलं. रेवतीबाईंना फोन लावून सांगितलं की जखम भरेपर्यंत मुनियम्मा येणार नाही. त्या म्हणाल्या, "तिचं काम जात नाही, एवढं तिला सांगा." आणि मग विचारलं, "काका, तुम्ही कसे आहात?" मी म्हटलं, रिक्षा थांबलीय.

दवाखान्यात ओळखीचे दोघेच उरलेत, एक शिपाई आणि डॉक्टरबाई. रांगेत बसलो. नंबर आला तेव्हा बाईंनी कपचा काढला आणि जखमेत बारीक सळई घालून बघितली. हाडाला लागली तर ती टक् करते, बोटांना कळतं. मी बाईंच्या बोटांकडं बघत होतो. मुनियम्मा भिंतीकडं बघत होती, तिला दुखत नव्हतंच.

"लागलं नाही," बाई म्हणाल्या. "थोडक्यात राहिलं. आता पूर्ण झोपून राहायचं. पाय खाली टेकवायचा नाही." मग त्यांनी सवयीनं विचारलं, "घरी पाय कोण बघतं तुझा?"

"अक्का बघायची," मुनियम्मा म्हणाली, आणि तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

बाईंना काही माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं. त्या खुर्चीतून उठल्या, परत बसल्या. सिस्टर उजव्या पायाला पट्टी गुंडाळत होती, शिपाई व्हीलचेअर आणायला गेला. सगळे त्या उजव्या पायाभोवतीच होते. डावा पाय तसाच चपलेत होता, तोही त्याच खडीवरून आला होता. मी खाली बसलो, डाव्या पायाचा पट्टा सोडला आणि तळवा उजेडाकडं वळवला.